कडू तेलाचा उजेड

चपला इथेच काढा. मोबाइल, पाकीट, गाडीची किल्ली, तेही ठेवा बाजूला. आता मागे न बघता चालायला लागा. दहा पावलांत तुम्ही ओरडाल, कारण महिना वैशाखाचा आहे, सूर्य डोक्यावर आहे आणि मालवणच्या उत्तरेची ही पुळण तापून लाल झाली आहे. पळा! समोर गडद हिरव्या, गोल घेराच्या झाडांची रांग दिसतेय ना, तिथवर पळत सुटा.

पोचलात? आता टेका त्या खोडाला आणि श्वास घ्या. साल साधारण 1870. या वाडीत अजून घासलेटचा एकही डबा उतरलेला नाही. विजेचं तर नावच काढू नका. आज रात्री इथे जो काही उजेड पडणार आहे, तो सगळा आत्ता तुमच्या पायाखाली आहे.

खरंच सांगतो. जरा पाय उचला. तो गोल, हिरवट, लिंबापेक्षा लहान, सुरकुतलेला गोळा दिसला? त्याच्यावरून आत्ता तुमचा पाय सटकला होता. ही उंडी. वरचं झाड उंडीचं. त्याचं पान हातात घ्या: जाड, तुळतुळीत, आणि शिरा इतक्या बारीक नि एकमेकींना लागून, की बोट फिरवलं तर मखमलीची उलटी बाजू वाटावी. या झाडाला कुणी पाणी घातलेलं नाही. खारा वारा, वाळू आणि चार महिन्यांचा पाऊस, एवढ्यावर ते उभं आहे. 1880 साली रत्नागिरी जिल्ह्याचं गॅझेटियर छापलं जाईल, तेव्हा त्यातही उंडीची नोंद असेल, तिच्या तेलासाठी आणि होड्यांना लागणाऱ्या लाकडासाठी. पण गॅझेटियरवाल्यांना सांगणारी माणसं हीच, जी आता तुमच्याकडे बघतायत.

"खंयसून इलंस रे झिला? उनात उभो रवू नको. हय बस."

म्हातारी आहे. खोचलेलं लुगडं, हातात काळा गुळगुळीत दगड, पुढ्यात दुसरा चपटा दगड, आणि दोन्ही बाजूंना उंडीचे ढीग. तुम्ही कुठून आलात याच्या उत्तराची वाट ती बघत नाही. तिच्या लेखी रिकामे हात फुकट जाणं वाईट, म्हणून दगड तुमच्या हातात येतो.

फोडा. पहिली उंडी टणकन उडून पाच हातांवर जाते आणि शेजारची दोन पोरं खिदळतात. दुसऱ्या वेळी तुमचं बोट सापडतं. चोखा ते बोट, चोखताना जीभ मात्र सांभाळा. तिसरी उभी धरा, देठाकडून हलका घाव घाला. हां, असं. कवच दुभंगतं, आतलं भुसभुशीत साल निघतं आणि सुपारीएवढा पिवळट गर तळहातावर येतो. कोरडा, फिका, वास जवळजवळ नाहीच. तुम्हाला वाटतं, यात कसलं तेल?

आजी बोलत नाही. मागच्या सुपातला एक गर उचलून तुमच्या हातावर ठेवते. हा चैत्रात फोडलेला, महिनाभर अंगणात वाळलेला. तपकिरी झाला आहे, आकसला आहे आणि बोटांना चिकटतो. नख दाबा. नख लोण्यात जावं तसं आत जातं आणि त्याच्या कडेने तेल पाझरतं. वास येतो, भाजलेल्या मेथीसारखा, थोडा ओल्या लाकडासारखा, जड. वाळलेल्या उंडीच्या गरात निम्म्याहून जास्त तेलच असतं. महिनाभर ऊन आत जातं, तेव्हा ते असं बाहेर यायला तयार होतं. घाई करून ओला गर घाण्यात टाकला तर हाती चिखल येतो, हे इथल्या पोरालाही माहीत आहे.

दुसऱ्या ढिगात शेंगा आहेत, चपट्या, टणक, एका टोकाला चोच असलेल्या. करंजाच्या. फराळाच्या ताटातली करंजी आठवा, हुबेहूब तोच आकार. खाडीच्या कडेने करंजं ओळीने उभी आहेत, आणि आत्ता भर उन्हाळ्यात, बाकी रान करपलेलं असताना त्यांच्यावर नवी पालवी चकाकतेय. शेंग मोगरीने ठेचली की आतून बहुतेक वेळा एकच बी निघते, लालसर, सपाट. तिच्या तुकड्याला जीभ लावून बघा. हो, आत्ताच.

थुंका! गिळू नका, पोट बिघडेल. चूळ भरा. कडवटपणा अजून तासभर जिभेच्या मुळाशी राहणार आहे, आणि तो लक्षात राहावा म्हणूनच मी तुम्हाला चाखायला लावलं. या कडूपणावर सगळ्या वाडीचा हिशेब उभा आहे. घरात दोन तेलं असतात. नारळाचं गोडं तेल, ते आमटीत, केसांत आणि देवापुढच्या समईत. आणि हे कडू तेल, ते अंधारासाठी, होडीसाठी, गुडघ्यांसाठी, खरजेसाठी, वहाणांच्या चामड्यासाठी. दोन्हींची मडकी वेगळी, पळ्या वेगळ्या, ठेवायचे कोनाडेही वेगळे. आजी एका वाक्यात सांगते आणि पुन्हा दगड उचलते: "खावचा तेल जाळूचा नाय."

हे वाक्य नीट ऐकून ठेवा. पुढे 1900 साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात डिझेल यांनी शोधलेलं इंजिन वनस्पती तेलावर चालून दाखवेल, आणि ते तेल शेंगदाण्याचं असेल. आजी तिथे असती तर तिने पहिलाच प्रश्न विचारला असता, शेंगदाण्याचं का? आणखी शंभर वर्षांनी सरकारं आणि प्रयोगशाळा 'अखाद्य तेलबिया' असा शब्द वापरून हाच प्रश्न सोडवायला बसतील, करंज आणि उंडी पुन्हा तपासतील. इथे तो चुलीशी बसून सुटलेला आहे.

उठा, वाळलेल्या उंडीच्या गराची टोपली डोक्यावर घ्या. तेल्याकडे जायचंय.

घाणा दिसायच्या आधी ऐकू येतो. लाकूड लाकडावर घासल्याचा एक लांब, दमलेला आवाज, थांबतो, पुन्हा सुरू होतो. वाकून आत शिरा, चौकट बुटकी आहे. आत अंधार आणि इतका दाट वास, की पहिला श्वास अर्ध्यावर अडकतो. करंजाचा उग्र कडवट वास, बैलाचा घाम, शेण, जुन्या पेंडीची कुबट ऊब. मध्ये जमिनीत पुरलेलं भलंमोठं लाकडी उखळ. त्यात तिरकी उभी असलेली लाट, माणसाच्या मांडीहून जाड. लाटेला जोडलेली आडवी फळी बैलाबरोबर फिरते. बैलाच्या डोळ्यांना झापडं. त्याच्या खुरांनी जमिनीत वाटोळा चर पडला आहे, घोट्याएवढा खोल.

तेली तुमच्याकडे वरपासून खालपर्यंत बघतो. तुमची उंची, वजन मोजतो आणि म्हणतो, "बस फळयेर." एरवी फळीवर दगड ठेवतात. आज तुम्ही आहात.

बसा. घट्ट धरा. बैल चालायला लागतो आणि घाण्याचा सगळा मांगर तुमच्याभोवती फिरायला लागतो: दार, चुलीचा धूर, भिंतीवरची मडकी, तेलीण, पुन्हा दार. दहाव्या फेऱ्याला पोटात ढवळतं. विसाव्याला डोळे मिटावेसे वाटतात. मिटू नका, उखळात बघा. तेलीण लाट पुढे गेली की मागच्या फटीत मूठभर गर सारते आणि लाट यायच्या आत हात काढते. प्रत्येक फेऱ्याला, न बघता. तिच्या उजव्या हाताच्या करंगळीचं पेर नाही. त्याबद्दल इथे कुणी बोलत नाही.

आधी कुरकुर, मग भुगा, मग भुग्याचे गोळे. तेलीण पाण्याचा शिपका मारते, लोखंडी सळईने कडेचा लगदा मध्ये ढकलते. घासून घासून उखळ तापलंय, त्याची धग तुमच्या पायाला लागतेय. आणि मग खालच्या भोकातून एक थेंब लोंबतो. गडद हिरवा, जवळजवळ काळा. तो पडतच नाही, लांबत जातो. मग त्याची धार होते, करंगळीएवढी, आवाज न करणारी, आणि मडक्याच्या तळाशी ती वेटोळं घालून बसते. तुम्ही फळीवरून उतरता, जमीन अजून फिरतेय, तरी तुम्ही वाकून बघता. सगळे बघतात. रोज बघणारा तेलीही बघतो.

करंजाचा घाणा याहून कंजूष. त्याच्या शंभर शेर बियांत तेल असतं तीसेक शेर, आणि लाकडी घाणा कसोशीने विसाच्या आसपास देतो. उरलेलं पेंडीत राहतं. पण ते वाया गेलं असं इथे कुणी मानत नाही. तेल्याची मजुरी म्हणून थोडी पेंड त्याच्याकडे राहते, बाकीची नारळी-पोफळींच्या आळ्यात जाते. जनावर तिला तोंड लावत नाही आणि वाळवी तिच्या वाऱ्याला उभी राहत नाही. शेंगांची टरफलं चुलीत. उंडीच्या कवट्या चुलीत. मी इथे पुन्हा पुन्हा येतो तो हे बघायला: या मांगरातून बाहेर टाकायला म्हणून काही उरत नाही.

एरंडाचा घाणा बघायचा तर घाट चढून देशावर जावं लागेल. तिथे गाड्यांच्या आसांना एरंडेलाचं वंगण, दिव्यात एरंडेल, पोरांच्या पोटात एरंडेल आणि डोळ्यांत एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं काजळ. पहिल्या महायुद्धात विमानांची गरगर फिरणारी इंजिनं याच तेलाच्या वंगणावर उडतील. पण आज घाट चढायला वेळ नाही, आजीची हाक आली.

ती मडकं घासतेय. नीट बघा, हे चुकवू नका. मडक्याच्या आत उंडीच्या जुन्या तेलाचा चिकट थर आहे. नुसत्या पाण्याने हात लावला तर बोटांवर मेणासारखा बसतो. आजी चुलीतली मूठभर राख टाकते, दोन थेंब पाणी, आणि नारळाच्या सोडणाने गोल गोल चोळते. तुम्ही पण चोळा. आधी खरखर लागते. मग बोटं सटकायला लागतात. मग राखेचा करडा रंग फिकट होत जातो आणि मडक्याच्या कडेला बारीक फेस उभा राहतो.

तो साबण आहे. राखेतला क्षार आणि तेलातलं आम्ल एकत्र आलं की साबण होतोच. उंडीच्या तेलात मोकळं आम्ल फार, म्हणून इतक्या पटकन होतो. उद्याच्या कारखान्यात याच तेलाचं इंधन करायला बसलेल्यांना हा फेस नकोसा होईल. तेलात मिथेनॉल आणि कॉस्टिक घालून त्याचं पातळ, डिझेलच्या इंजिनात चालणारं इंधन करायचं आणि खाली ग्लिसरीन काढून घ्यायचं, ही त्यांची रीत. उंडीच्या तेलाला ती सरळ लागू होत नाही, साबण आडवा येतो. म्हणून आधी ॲसिडची एक पायरी घालून आम्ल मारावं लागतं, मग पुढचं. म्हातारीच्या हाताखाली मात्र तो फेस हवासा आहे. मडकं लख्ख झालं. ती उलटं करून उन्हात ठेवते.

ऊन कलतंय. किनाऱ्यावर चला, आता पाय भाजणार नाहीत.

मचवा वर ओढून आडवा कलता केला आहे, ओंडक्यांच्या आधारावर. पाऊस महिन्याभरावर आला, आता नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद. झापांनी शाकारून ठेवण्याआधी त्याला तेल पाजायचं. इथे पाजायचं हाच शब्द आहे. तांडेल लाकडावर कान ठेवल्यासारखा वाकून फळ्यांचे सांधे बघत फिरतो. दोन पोरं कोयत्याने तळाचे शिंपले खरवडतायत, त्याचा कर्रकर्र आवाज दातांत शिरतो. तीन दगडांच्या चुलीवर तेल तापतंय, त्यात राळ विरघळतेय, आणि तो धूर वाऱ्याबरोबर नेमका तुमच्या तोंडावर.

काथ्याचा बोळा घ्या, बुडवा, लावा. दाबून, फळीच्या रेषेने. कोरडं लाकूड तेल असं ओढून घेतं, की हात फिरवून मागे बघावं तर फळी पुन्हा कोरडी. परत लावा. सांध्यात कापूस ठासला आहे, तिथे जास्त. तेल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतं, वाळू त्याला चिकटते, माश्या वाळूला. सुकट, शेवाळ, राळ आणि उंडी, चारही वास एकमेकांत मिसळून एकच वास होतो आणि थोड्या वेळाने तो तुम्हाला येईनासा होतो. समुद्रातला किडा लाकूड आतून पोखरतो, वरून काही दिसत नाही आणि एके दिवशी भर समुद्रात फळी पावासारखी मऊ लागते. म्हणून हे तेल. ते पीत पीत लाकूड जड, काळं आणि त्या किड्याला नकोसं होतं.

"डोळ्याक हात लावू नको, झोंबतला."

तांडेलाने सांगेपर्यंत तुम्ही लावलात. जा, समुद्राचं पाणी मारा. तेही झोंबेल, पण वेगळं.

अंधार इथे एकदम पडतो. तुमच्या गावात संध्याकाळ नावाची जी लांबलचक वेळ असते ती इथे नाही. सूर्य बुडतो आणि माणसं आवाज होतात. दारादारांत एकेक पणती लागते. तिचा उजेड उंबऱ्याच्या पुढे पाऊलभरसुद्धा जात नाही, पिवळा, धुरकट, वर काळी शेपटी असलेला. आजी वात पुढे सारते ती नखाने, तांदूळभर. दोन तांदूळ सारली तर दिवा मोठा होईल, पण परवाचं तेल आज जाईल. जेवण झालं की पणती विझते. घरात उजेड ठेवून कुणी गप्पा मारत नाही, गप्पा अंधारात मारतात.

पण आज देवळात जत्रा आहे आणि दशावतारी आलेत. आज कुणी तेल मोजणार नाही.

गर्दीतून वाट काढा. चटया, पोरं, खाजं, उकडलेल्या शेंगा, अबोलीच्या वेण्या, घामेजलेली अंगं. पखवाज सुरू झालाय, तो कानांनी कळायच्या आधी छातीत कळतो. आणि दोन्ही बाजूंना दिवट्या. काठीला घट्ट गुंडाळलेल्या चिंध्या, उंडीच्या तेलात दिवसभर भिजवलेल्या. ज्वाळा हातभर, तांबडी, फडफडणारी. एका पोराच्या हातात बुधली आहे, दिवटी मंदावली की तो धार सोडतो, ज्वाळा 'भस्स' करून उठते आणि पुढच्या रांगेतले सगळे मागे सरकतात.

राजा येतो. म्हणजे आधी दिवटीवाला येतो, आणि त्याच्या उजेडात राजा उमटतो. राजा डावीकडे वळला की दिवटी डावीकडे. राजाचा चेहरा चिडला की दिवटी जवळ. बाकी सगळा मंडप काळोखात. अंगाला काळं लावलेला संकासुर उजेडाच्या हद्दीवर उभा असतो आणि तो तिथे आहे हे कुणालाच दिसत नाही. मग एकदम लाल जीभ दिसते. तुमच्या शेजारचं पोर किंचाळून तुमच्या दंडाला घट्ट धरतं.

मध्यरात्र उलटल्यावर दिवटीवाल्याचा हात भरून येतो. तो आजूबाजूला बघतो आणि दिवटी तुमच्या हातात देतो. घ्या. वाटते त्याहून जड आहे. धग भुवया भाजते, जळता थेंब मनगटावर पडतो आणि तुम्ही हात हलवत नाही, कारण हात हलला तर राजाचा चेहरा हलतो. दुपारी तुम्ही फळीवर बसून जे तेल काढलंत ते ताजं, अजून गाळ बसायचं आहे. हे त्याच्या आधीच्या घाण्याचं. पण वास तोच. भाजलेली मेथी, ओलं लाकूड. ज्वाळा खाली येते. काळोखातून कुणीतरी ओरडतं, "तेल घाल रे!" बुधलीवाला पोर पेंगतोय. तुम्ही त्याला कोपराने ढोसता, तो दचकून धार सोडतो आणि राजा पुन्हा राजा होतो.

पहाटे दिवट्या वाळूत खुपसून विझवतात. 'चुर्र' असा आवाज आणि पांढरा धूर. तुमच्या नाकपुड्या आतून काळ्या झाल्यात, डोळे चुरचुरतायत, मनगटावर उडदाएवढा फोड आलाय. खांबाला टेकून जरा डोळा लागतो न लागतो, तोच खांद्यावर हात.

"ऊठ रे झिला. रातच्यान वागळांनी पाडल्यानी."

उंडीच्या झाडांखाली अजून नीट दिसत नाही. वर वटवाघळांची शेवटची फडफड चालू आहे. त्यांनी रात्रभर फळांचा वरचा मांसल भाग कुरतडून गोळे खाली टाकलेत, ओले, दातांच्या खुणांचे. पोरं आधीच पोचलीत, वाळूवर गुडघे टेकून, हातांनी चाचपडत. आजी टोपली तुमच्याकडे सरकवते.

वाका. डाव्या पायाशी एक आहे.